गाडी किती पेलते आणि किती ओढते: पेलोड आणि टोइंगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पेलोड आणि टोइंग कॅपॅसिटी म्हणजे एकच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पेलोड म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकते ते, त्यात माणसं आली, सामान आलं, हौद्यातला माल आला, टपावर बांधलेलं आलं, नंतर बसवून घेतलेलं लोखंडी गार्डसुद्धा आलं. टोइंग कॅपॅसिटी म्हणजे मागे जोडलेला, स्वतःच्या चाकांवर चालणारा ट्रेलर किती वजनाचा ओढता येतो ते. माणूस पाठीवर एक पोतं घेतो पण हातगाडीवर तोच माणूस पाच पोती ढकलत नेतो, तसंच आहे हे, म्हणून ओढायचा आकडा सहसा मोठा दिसतो. पण ट्रेलरचा दांडा गाडीच्या हुकावर टेकलेला असतो आणि तिथे जेवढा भार पडतो तेवढा गाडीच्या अंगावरच येतो, म्हणजे तो पेलोडमधून वजा होतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढे नुसता हिशेब आहे.

ती जीव्हीडब्ल्यूआर, जीसीडब्ल्यूआर वगैरे अक्षरं काय असतात?

चारच आहेत, घाबरायचं नाही.

कर्ब वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, तेल, कूलंट, टाकीतलं इंधन धरून. यात एक गोची अशी की अमेरिकेतल्या आकड्यात ड्रायव्हर धरत नाहीत आणि युरोपातल्या आकड्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के भरलेली टाकी धरलेली असते, त्यामुळे दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून तुलना करताना जरा जपून.

जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन. यातून कर्ब वेट वजा केलं की पेलोड निघतो.

जीएडब्ल्यूआर म्हणजे एका एक्सलवर जास्तीत जास्त किती भार, पुढच्याचा वेगळा आणि मागच्याचा वेगळा. हा आकडा लोक बघतच नाहीत, आणि माझ्या मते पिकअपमध्ये सगळ्यात आधी मोडला जाणारा हाच, कारण सगळा माल मागच्या चाकांवर बसतो.

जीसीडब्ल्यूआर म्हणजे गाडी आणि ट्रेलर, दोन्ही भरलेले, मिळून जास्तीत जास्त किती.

माझ्या गाडीचा खरा पेलोड कुठे बघायचा?

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर स्टिकर किंवा पत्र्याची पट्टी असते. मोठ्या ट्रकला ती कॅबिनमध्ये किंवा चासीवरही असते. अमेरिकन गाड्यांवर टायरच्या हवेच्या स्टिकरवरच स्पष्ट लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर जाऊ नये. माहितीपत्रकातला आकडा हा बहुतेक वेळा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो हे लक्षात ठेवा. तुमच्या गाडीला फोर बाय फोर आहे, डबल कॅबिन आहे, मोठी टाकी आहे, सनरूफ आहे, तर प्रत्येक गोष्टीचं वजन पेलोडमधून गेलेलं असतं, आणि एकाच नावाच्या दोन गाड्यांमध्ये दोन-तीनशे किलोचा फरक सहज पडतो.

आणि नुसती चासी घेऊन वर बॉडी बांधून घेतली असेल तर त्या बॉडीचं वजनही त्यातूनच जातं. लोखंडी हौदा, फाळके, वरचा सांगाडा, ताडपत्री, सुटं चाक, जॅक, साखळ्या, सगळं. जाड पत्र्याची मजबूत बॉडी बांधली म्हणून खूश होणारे बरेच जण असतात पण तेवढा माल आता प्रत्येक खेपेला कमी भरायला हवा हे कुणी सांगत नाही.

जाहिरातीत ३५०० किलो ओढते असं लिहिलंय, मग मी ३५०० किलोचा ट्रेलर लावू ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सावकाश हिशेब करू. समजा एक पिकअप आहे, कर्ब वेट २२०० किलो, जीव्हीडब्ल्यूआर २९५० किलो, म्हणजे पेलोड ७५०. जीसीडब्ल्यूआर ६००० आणि टोइंग ३५००.

आता गाडीत चार माणसं बसली, ३०० किलो. सामान १००. पुढचा लोखंडी बंपर आणि विंच, म्हणजे तारेनं ओढायचं यंत्र, ९०. हूक आणि त्याची फ्रेम ३०. झाले ५२०. पेलोडमधले उरले २३०.

ट्रेलर ३५०० चा असेल तर दांड्याचा भार कमीत कमी १० टक्के धरला तरी ३५० किलो. आपल्याकडे उरलेत २३०, म्हणजे १२० किलोनं गाडी ओव्हरलोड झाली, आणि अजून इंजिनाचा विषय निघालेलाच नाही. उलट हिशेब केला तर २३० किलो दांड्यावर म्हणजे ट्रेलर जास्तीत जास्त २३०० किलोचा. जीसीडब्ल्यूआरच्या बाजूनं बघितलं तर गाडी २७२०, मग ६००० मधून उरतात ३२८०. म्हणजे जाहिरात म्हणते ३५००, एकूण वजनाची मर्यादा म्हणते ३२८० आणि पेलोड म्हणतो २३००. तिन्हीतला सगळ्यात लहान आकडा तुमचा, बाकीचे दोन विसरून जायचे.

बहुतेक वेळा ओढायची ताकद शिल्लक असते आणि पेलोड आधी संपतो, ही गोष्ट ट्रेलर विकत घ्यायच्या आधी कळायला हवी, नंतर कळून उपयोग नसतो.

मग कंपन्या तो मोठा आकडा काढतात तरी कुठून?

खोटा नसतो तो. अमेरिकेत एसएई जे २८०७ नावाचं एक मानक आहे, त्यात अ‍ॅरिझोनामधल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, साधारण १८ किलोमीटर, कडक उन्हात, एसी फुल चालू ठेवून गाडीला ट्रेलर ओढायला लावतात आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही, जोडचाकाच्या, म्हणजे मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं असलेल्या गाडीला थोडी सूट असते. शिवाय १२ टक्क्यांच्या चढावर उभी गाडी पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे हलवता आली पाहिजे. बऱ्यापैकी कठीण परीक्षा आहे. पण त्या गाडीत फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी ६८ किलोची, आणि सामान जवळपास नाहीच. आपण घरचे सगळे, सायकली, पाण्याचे कॅन घेऊन निघतो.

दांड्यावर किती भार असावा? कमी ठेवला तर पेलोड वाचेल की!

वाचेल, आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागेल. साध्या बॉलच्या हुकावर ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर असावा असं धरतात. हौद्यात मधोमध बसणारा फिफ्थ व्हील किंवा गूजनेक प्रकारचा जोड असेल तर १५ ते २५ टक्के. युरोपातल्या कॅराव्हानला, म्हणजे मागे ओढायच्या फिरत्या घराला, कमी धरतात, ५ ते ७ टक्के, कारण तिकडे वेग कमी ठेवायला लावतात आणि गाड्यांच्या हुकाची मर्यादाही कमी असते. आपल्या गाडीच्या पुस्तकात जे असेल ते खरं.

माल भरताना अंदाजे ६० टक्के वजन ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे आणि ४० टक्के मागे, आणि जड वस्तू खाली, एक्सलच्या जवळ. मागे भार जास्त झाला की दांडा वर उचलला जातो, बैलगाडी उलाळ होते म्हणतात तेच हे. फरक एवढाच की बैलगाडी उलाळ झाली तर जू वर जातं आणि गाडी थांबते, इथे ताशी ८० च्या वेगात तुमच्या मागच्या चाकांवरचा भार उचलला जातो आणि स्टिअरिंगवाल्याच्या हातात काही राहत नाही. उलट दांड्यावर भार फारच जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, वळणावर गाडी सरळ जायला बघते, पुढचा ब्रेक नीट लागत नाही आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

ट्रेलर डोलायला लागला तर काय करायचं?

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरा, ट्रेलरचा ब्रेक वेगळा हातानं लावता येत असेल तर फक्त तो लावा. गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचं नाही, आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो हे जे कुणी सांगतं ते ऐकायचं नाही. शांत झाला की बाजूला थांबा आणि माल पुढे सरकवा. एकदा डोलला म्हणजे पुन्हा डोलणार, कारण काहीतरी चुकलेलं आहेच.

वेट डिस्ट्रिब्यूशन हूक लावला तर जास्त ओढता येईल?

त्या हुकाच्या स्प्रिंगच्या दांड्या मागचा थोडा भार उचलून पुढच्या एक्सलकडे आणि ट्रेलरच्या एक्सलकडे वाटतात, गाडी सपाट उभी राहते, स्टिअरिंग परत जागेवर येतं, हे सगळं खरं आणि चांगलं. काही गाड्यांच्या पुस्तकात तर ठराविक वजनाच्या वर तो लावायलाच सांगितलेला असतो. पण गाडीचा जीव्हीडब्ल्यूआर त्यानं वाढत नाही.

आणि पाटे वाढवले तर? पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या एअरबॅग बसवल्या तर?

पाटा वाढवला की गाडी बसत नाही, दिसायला ताठ उभी राहते, आणि तिथेच फसगत होते. चासी तीच, एक्सल तोच, बेअरिंग तीच, ब्रेक तेच, टायर तेच. त्यातला सगळ्यात कमजोर भाग जेवढं सांगेल तेवढंच वजन. मी पहिल्यांदा गाडी काट्यावर चढवली तेव्हा मागचा एक्सल १८० किलोनं वर निघाला होता आणि गाडी बघाल तर अगदी सरळ, कुणी म्हणालं नसतं. त्या दिवसापासून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा सोडला.

काटा करायचा कसा?

निघायच्या दिवशी जशी भरलेली असते तशी गाडी, सगळी माणसं बसलेली, टाकी फुल, ट्रेलर भरलेला, अशी वजनकाट्यावर न्या. चार वजनं घ्या.

१. फक्त पुढची चाकं काट्यावर.
२. पूर्ण गाडी काट्यावर, ट्रेलर जोडलेला पण ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर.
३. सगळं काट्यावर.
४. ट्रेलर सोडून फक्त गाडी.

दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की मागचा एक्सल मिळतो. दुसऱ्यातून चौथं वजा केलं की दांड्याचा भार. तिसरं म्हणजे एकूण, ते जीसीडब्ल्यूआरशी लावून बघायचं. तिसऱ्यातून चौथं वजा केलं की ट्रेलरचं पूर्ण वजन. अर्ध्या तासाचं काम आहे आणि यापेक्षा जास्त माहिती कुठलाही जाणकार तुम्हाला नुसता बघून देऊ शकणार नाही.

काटा जवळ नसेल तर मालाचं वजन धरायचं कसं?

पाणी १ लिटर म्हणजे १ किलो, हे सोपं. डिझेल लिटरला साधारण ८३० ते ८५० ग्रॅम, पेट्रोल ७५० च्या आसपास. कोरडी वाळू एका घनमीटरला साधारण १.६ टन आणि तीच ओली झाली की १.८ ते २ टन, म्हणजे पावसात भिजलेल्या वाळूचा तोच ढीग, तीच उंची, आणि घनमीटरमागे वजनात दोनशे ते चारशे किलोचा फरक. काँक्रीट घनमीटरला २.४ टन. माती, वाळू, खडी या बाबतीत हौदा भरून घ्यायची सवय लागते आणि तीच चुकीची, कारण हौदा हलक्या मालाच्या हिशेबानं खोल केलेला असतो. वाळूला तो अर्ध्याच्याही आधी पुरे होतो.

टनाचंही बघा हं, मेट्रिक टन १००० किलो, अमेरिकन टन ९०७ किलो, जुना ब्रिटिश टन १०१६. अमेरिकन पिकअपला हाफ टन, वन टन म्हणतात ती नुसती जुनी नावं राहिलीत, खरा पेलोड स्टिकरवर बघायचा.

टायरचा यात काय संबंध?

भरपूर. टायरच्या बाजूला आकार लिहिलेला असतो, त्याच्या पुढे लोड इंडेक्सचा आकडा. १०० म्हणजे ८०० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो, हे एका टायरचं, पूर्ण हवा असताना. १२१/११८ असं लिहिलं असेल तर एकटं चाक १४५० आणि जोडचाकात प्रत्येकी १३२०, जोडचाकात कमी, कारण दोघांवर भार कधीच सारखा येत नाही आणि मधे गरमही जास्त होतं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, गरम होते आणि उन्हाळ्यात लांबच्या पल्ल्यात टायर फुटतो, मग लोक म्हणतात टायर खराब होता. ट्रेलरचे टायर तर महिनोन्‌महिने उभे असतात, नक्षी नवीकोरी दिसते पण रबर वाळलेलं असतं, म्हणून त्यांची तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.

इंजिन दमदार आहे, मग अडचण काय?

चढावर नेणं ही इंजिनाची गोष्ट झाली, उतारावर थांबवणं ही नाही. ५ टनांचं एकूण वजन घेऊन ५०० मीटर उंचीचा घाट उतरलात तर जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तेवढ्यात ७० लिटर थंड पाणी उकळेल. ती सगळी ब्रेकमध्ये घातली तर लायनर तापतात, ब्रेक फ्लुइड उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं, हे एकदा अनुभवलं की माणूस विसरत नाही. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग आवरणारी सोय) असेल तर लावायचा, ब्रेक सारखा घासत ठेवायचा नाही, थोडा जोरात दाबून वेग पाडायचा आणि सोडायचा. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरायचं नाही. वेगाचं गणितही लक्षात ठेवा, ताशी ८० ऐवजी ६० नं चाललात तर थांबवताना जिरवायची ऊर्जा जवळपास निम्मी होते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत का, तर अगदी छोटा सोडला तर हवेतच. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. आणि ट्रेलर तुटून सुटला तर ब्रेक आपोआप लागेल अशी तार किंवा स्विच, शिवाय दांड्याखाली फुली मारून दोन साखळ्या, म्हणजे दांडा निसटला तर जमिनीत न रुतता त्या साखळ्यांवर पडेल.

उंचावरच्या भागात गाडी कमी ओढते का?

हो, हवा विरळ होते. टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. टर्बोवाल्यांना कमी त्रास, पण रेडिएटरलाही विरळ हवा मिळते त्यामुळे गरम लवकर होतात. ऑटोमॅटिकमध्ये टो मोड असेल तर तो लावा, नाहीतर गिअरबॉक्स सारखा वरखाली करत बसतो आणि त्याचं ऑइल तापून जळतं.

मोठ्या ट्रकला एक्सलचा नियम वेगळा का, एकूण वजन बरोबर असलं म्हणजे झालं ना?

नाही झालं, कारण रस्ता आणि पूल एकूण वजन बघत नाहीत, चाकाखाली काय येतं ते बघतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर दोन वर्षं ट्रक फिरवून बघितले, त्यातून जो ठोकताळा निघाला तो असा की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताच्या हिशेबानं वाढतं. एक्सलवर २० टक्के जास्त भरलं तर नुकसान २० टक्के नाही, दुप्पट. दुप्पट भार टाकला तर सोळा पट.

म्हणून प्रत्येक देशात एक्सलची मर्यादा वेगळी लिहिलेली असते. अमेरिकेत हायवेवर एका एक्सलला ९ टनांच्या थोडं वर आणि पूर्ण ट्रकला ३६ टनांच्या थोडं वर, युरोपात ओढणाऱ्या एक्सलला ११.५ टन आणि पाच-सहा एक्सलच्या ट्रकला साधारण ४० टन. म्हणजे एकूण वजन कायद्यात बसूनही माल नुसता मागे ढकलला असेल तर तुम्ही ओव्हरलोड असू शकता. माल पसरून, पुढच्या फाळक्याला टेकवून भरा.

टँकर अर्धा भरला तर सोपं जातं ना, वजन कमी?

उलट, अर्धा टँकर जास्त वाईट. पूर्ण भरलेल्यात पाणी हलायला जागा नसते, अर्ध्यात ते लाटेसारखं पुढेमागे आणि डावीउजवीकडे आपटतं. ब्रेक मारला की एका क्षणानंतर मागून धक्का येतो. टाकीच्या आत भोकं पाडलेले पडदे असतात ते पुढेमागेची लाट मोडतात, पण वळणावरची आडवी लाट बऱ्याच टाक्यांत तशीच राहते, त्यामुळे वळण नेहमीपेक्षा खूप हळू घ्या.

टपावर किती ठेवता येतं?

बऱ्याच गाड्यांना ७५ ते १०० किलो, आणि त्यात कॅरिअरचं वजन धरलेलं असतं. हेही पेलोडमधूनच जातं.

बंद पडलेली गाडी टोचन करून नेताना काय बघायचं?

टोचनाच्या गाडीचं पूर्ण वजन तुमच्या टोइंगच्या मर्यादेत पाहिजे, आणि तिला इंजिन बंद असल्यामुळे ब्रेकला बूस्टर नाही, स्टिअरिंग जड, हे तिच्यात बसलेल्याला आधी सांगा. ऑटोमॅटिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढली तर गिअरबॉक्सला ऑइल मिळत नाही आणि तो जातो. इलेक्ट्रिक गाडी तर उचलून सपाट गाडीवर चढवूनच न्यायची, चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, चिखलात रुतलेली गाडी काढताना पट्टा टो बॉलला अडकवू नका. तो बॉल झटका सहन करायला बनवलेला नसतो, तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो आणि यात माणसं मेली आहेत. चासीला बोल्ट केलेला रिकव्हरी हूक वापरा आणि पट्ट्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

इलेक्ट्रिक पिकअपनं ओढलं तर?

ताकद भरपूर, चढावर मजा येते, पण उंच चौकोनी ट्रेलर असेल तर रेंज बऱ्याचदा निम्म्यावर येते, कारण वजनापेक्षा वाराच जास्त अडवतो. आणि बॅटरी स्वतःच जड असल्यामुळे पेलोडचा आकडा आधी तपासा.

थोडंसं ओव्हरलोड चालतं ना? शंभर-दोनशे किलोनं काय होतंय?

त्या दिवशी बहुतेक काहीच होत नाही, म्हणून तर सवय लागते. बेअरिंग झिजतात, पाट्याला बारीक तडा जातो, चासीच्या वेल्डिंगजवळ रेघ दिसायला लागते, आणि मग सहा महिन्यांनी बरोबर वजन भरलेलं असताना एखाद्या खड्ड्यात तुटतं आणि कारण कळत नाही. मर्यादा ही पण चांगला रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक धरून दिलेली असते. मी स्वतः आकड्याच्या ८० ते ८५ टक्क्यांवर थांबतो, उरलेलं वारा, चढ आणि खराब रस्त्यासाठी ठेवतो.

पहिल्यांदाच ट्रेलर घेऊन निघतोय, सुरुवातीला काय करू?

रिकाम्या मैदानात मागे घ्यायचा सराव करा, स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात ठेवला की हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची मागची बाजू जाते, एकदम सोपं होतं. बॉलचा आकार आणि कपलरचा, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या दांड्याच्या टोकाचा, आकार एकच आहे ना ते बघा, ५० मिलिमीटरच्या बॉलवर मोठा कपलर बसलेला दिसतो पण खड्ड्यात उडून निघतो. जोडल्यावर दांड्याचा जॅक थोडा फिरवून गाडीची मागची बाजू उचलून बघा, कपलर निघाला नाही म्हणजे नीट बसलाय, मग जॅक पूर्ण वर घ्या. दिवे तपासा. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा, वळण जरा मोठं घ्या कारण ट्रेलर आतून कापतो. निघाल्यावर ५० किलोमीटरवर एकदा थांबा, चाकांचे नट पान्यानं तपासा, प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या, एखादा बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागला तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय, पुढे जाऊ नका.